डबा खाणारी दुसरी

सहा वर्षं तपासनीस रोज सकाळी बायकोचा डबा भरत होता, आणि सहा वर्षांत त्या डब्यात एक घासही उरून आला नव्हता. निळ्या झाकणाचा, तीन कप्प्यांचा डबा. पहिल्या कप्प्यात दोन उकडलेली अंडी, दुसऱ्यात वाटाणे आणि गाजर, तिसऱ्यात पावाचे दोन तुकडे आणि सफरचंदाच्या आठ फोडी. सोमवार ते शनिवार थोडा फेरफार, पण तोही ठरलेला. आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. कागद पिवळा पडला, कोपरे गेले, पण तपासनिसाला आता त्याची गरजच नव्हती.

तो सरकारी नोकर. दुकानांतले, गोदामांतले, कारखान्यांतले वजनकाटे तपासायचे, बरोबर असतील तर शिशाचा शिक्का ठोकायचा, चूक असतील तर बंद करायचे, हे त्याचं काम. जो माणूस दिवसभर दुसऱ्यांचे काटे तपासायचा त्याच्या घरात मात्र वजनकाटा नव्हता. पंधरा वर्षांपूर्वी, बायको दुसऱ्यांदा इस्पितळातून घरी आली त्या दिवशी, त्याने तो उचलून भंगारात टाकला होता.

तिचा आजार एकोणिसाव्या वर्षी सुरू झाला. न खाण्याचा. लग्न झालं तेव्हा तो होता आणि तपासनिसाला तो माहीत होता. "मी करीन बरी," असं तो तेव्हा सासूला म्हणाला होता, सव्विसाव्या वर्षी माणूस काहीही म्हणतो तसं. पुढची दहा वर्षं त्याने जे पाहिलं त्यावर तो कधी बोलत नसे. बायको आता पंचेचाळीस वर्षांची होती. जगली होती, काम करत होती, गेली बारा वर्षं इस्पितळाचं तोंड फक्त तपासणीपुरतं पाहत होती. डॉक्टरीणबाई दर सहा महिन्यांनी म्हणायच्या, "पोहत काठापर्यंत आलीय. पण पाण्याबाहेर पाय काढत नाही." त्या बाईंनी पंचवीस वर्षं जुन्या पेशंटांची यादी ठेवली होती. इस्पितळाच्या खोलीत तेव्हा बायकोसकट नऊ जणी होत्या. चौघी पूर्ण बऱ्या झाल्या. दोघी आता नव्हत्या. उरलेल्या तिघी मधल्या, आणि त्या तिघींत ही.

मधली म्हणजे काय, ते तपासनिसाइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. घरी ती जेवायची, पण स्वतःच्याच थाळीत, ठरलेल्या वेळी, ठरलेलंच. जेवताना बोलायचं नाही. दुसऱ्याच्या ताटातलं घ्यायचं नाही, दुसऱ्याने पुढे केलेलं तर नाहीच. तिच्या सख्ख्या भावाच्या लग्नातही तिने पर्समधून आपला डबा काढला होता. तपासनीस समोर बसायचा आणि शेवटचा घास जाईपर्यंत उठायचा नाही. ही त्यांची रीत होती, आणि तिच्यावर त्यांचा संसार उभा होता.

त्या मंगळवारी ऑफिसात गेल्यागेल्या साहेबांनी त्याला बोलावलं. नदीकाठच्या भागाचा तपासनीस जिन्यावरून पडला होता, पाय प्लास्टरमध्ये. त्याची दोन कामं आज उरकायची होती. दुसरं नाव वाचून तपासनीस जरा थबकला. ती धुलाईची गिरणी. इस्पितळांच्या, हॉटेलांच्या चादरी किलोवर धुऊन देणारी. त्याची बायको तिथेच घडीखात्यात होती.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही. बायको आहे तिथे."

"मग बरंच झालं की. चहा तरी मिळेल."

एकच्या सुमाराला तो गिरणीत पोचला. मुकादमाने त्याला काट्यापाशी नेलं आणि जेवायची वेळ म्हणून स्वतः पसार झाला. काटा जमिनीत बसवलेला, लोखंडी फळीचा, आणि त्याच्या तिन्ही बाजूंना बांधलेल्या चादरींची गाठोडी डोक्याच्या वर रचलेली. तपासनिसाने पाणसळ लावून फळी सपाट आहे का ते पाहिलं, काटा शून्यावर आणला, पेटी उघडून वजनं काढायला बसला. आणि गाठोड्यांपलीकडून बायकोचा आवाज आला.

बायकोचा आवाज त्याने ओळखला नाही, हे त्याला नंतर फार लागलं. आधी त्याला वाटलं, कोणीतरी बाई तोंडात घास घेऊन बोलतेय. मग त्याने दोन गाठोड्यांच्या फटीतून पाहिलं.

घडीच्या लांब टेबलावर त्याची बायको पाय हलवत बसली होती. शेजारी एक भरदार, पिकल्या केसांची बाई. ती बोलली की पत्रे वाजायचे, म्हणून गिरणीत तिला सगळे भोंगा म्हणायचे. बायको घरी तिच्याबद्दल कधीमधी सांगायची, चादरीची दोन टोकं धरणारी जोडीदारीण एवढंच. त्या बाईच्या मांडीवर निळ्या झाकणाचा डबा उघडा होता. अंडं तिच्या हातात होतं.

आणि बायकोच्या मांडीवर एक भलामोठा, पोचे आलेला गोल डबा. त्यातून ती तळलेल्या माशाचा तुकडा बोटांनी तोडत होती. मोजत नव्हती. बघतही नव्हती. बघत होती भोंगाकडे.

"आज अंडी पुन्हा दगड झालीत गं," भोंगा म्हणाली. "तुझ्या नवऱ्याला सांग, अंडं आहे, गुन्हेगार नाही. इतकं काय उकळायचं!"

"घड्याळ लावून उकळतो तो."

"मग घड्याळ बिघडलंय."

"त्याचं घड्याळ बिघडत नाही हो!" बायको म्हणाली, आणि हसली. तोंड भरलेलं असताना, मान मागे टाकून, खोकला येईपर्यंत हसली. हनुवटीला लागलेला कण बाहीने पुसला आणि पुन्हा डब्यात हात घातला.

तपासनीस दोन किलोचं पितळी वजन हातात धरून तसाच उकिडवा बसला होता.

याच दृश्यासाठी त्याने वीस वर्षं देवाला, डॉक्टरांना, कुणाकुणाला साकडं घातलं होतं. ते समोर होतं. त्याला आनंद व्हायला हवा होता, हे त्याला त्या क्षणीसुद्धा कळत होतं. पण झालं ते वेगळंच. त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बायकोला परक्याच्या खोलीत पाहावं आणि जसं वाटावं तसं त्याला वाटलं. फरक एवढाच की समोरचा कुणी देखणा गडी नव्हता, साठीला आलेली, बाह्या वर सरकवलेली एक धोबीण होती आणि ती त्याने केलेले वाटाणे चमच्याने ओरपत होती.

त्याने काटा तपासला. चारही कोपऱ्यांवर वजन ठेवून पाहिलं, आकडे लिहिले, शिक्का ठोकला. हात काम करत होते. मग पेटी बंद केली आणि मागच्या दाराने, गाड्या लागतात तिथून, बाहेर पडला. चहा कुणी विचारला नाही.

संध्याकाळी बायकोने रोजच्यासारखा धुतलेला डबा ओट्यावर पालथा घातला. तपासनीस त्याच्याकडे बघत राहिला. सहा वर्षांचा रिकामा डबा! आणि त्याचा अभिमान वाटायचा!

"दुपारी जेवलीस?"

"हो."

"सगळं?"

"सगळं," ती म्हणाली. खोटं काही बोलली नव्हती. जेवणाच्या वेळी ती तिच्या जागेवर बसली, थाळीत ठरलेलं वाढून घेतलं आणि खाली मान घालून, एकेक घास करत, गप्प जेवली. तपासनीस समोर. त्याला ती हसणारी बाई शोधूनही सापडेना.

जेवण झाल्यावर त्याने कपाटातून इस्पितळाचा फॉर्म काढला. शुक्रवारी तपासणी होती आणि यंदाची तपासणी साधी नव्हती. फॉर्म नातेवाइकाने भरायचा. यंदा तो नीट आला आणि रक्ताचे, हाडांचे रिपोर्ट धड निघाले तर फाइल बंद करू, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं. फाइल बंद म्हणजे दर सहा महिन्यांच्या खेपा बंद, ती यादीतली मधली उरणार नाही. अकरावा प्रश्न होता: "ठरलेल्या आहाराबाहेरचं, दुसऱ्याच्या हातचं, सहजपणे खाते का?" बारा वर्षं तपासनीस तिथे "नाही" लिहीत आला होता.

त्याने पेन्सिलीने "नाही" लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं.

बुधवारी त्याने वेगळाच घाट घातला. ऑफिसातून लवकर सुटून मासे आणले, पीठ लावून तळले, घरभर धूर केला. बायको आली तशी दारातच थांबली.

"हे काय?"

"मासे. तुला आवडतात ना?"

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "आज बुधवार आहे," ती म्हणाली. "बुधवारी सूप असतं."

"एक दिवस नसलं तर?"

तिने पातेलं काढलं, सूप केलं आणि प्यायली. तपासनीस सगळे मासे एकटा जेवला. चांगले झाले होते, त्याचाच त्याला जास्त राग आला.

गुरुवारी सकाळी त्याने जे केलं ते सत्तेचाळीस वर्षांच्या जबाबदार माणसाला शोभणारं नव्हतं. वाटाण्यांत त्याने मूठभर मीठ टाकलं. पावाला आतून मीठ चोळलं. सफरचंदाच्या फोडींकडे एकदा पाहिलं आणि त्यांवरही भुरभुरलं. बायकोच्या तोंडी यातला कण जाणार नाही, याची त्याला पक्की खात्री होती. ज्या माणसाला तिच्या घशाखाली काही उतरेल की नाही, याच काळजीने कधीकाळी झोप लागत नसे, तो आता ते उतरणार नाही या भरवशावर मीठ घालत होता. ते त्याच्या लक्षात आलं तेव्हा झाकण लागलं होतं.

ऑफिसात गेल्यावर त्याने मंगळवारनंतर पहिल्यांदाच वजनांची पेटी उघडली. पेटीत प्रत्येक वजनाला मखमली खळगा असतो. दोन किलोचा खळगा रिकामा होता. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याने साधं ग्रॅमाचं वजन हरवलं नव्हतं. सरकारी, क्रमांक ठोकलेलं वजन. चौकशी लागली असती. कुठे राहिलं, ते आठवायला क्षणही लागला नाही. पण आणायला जायचं म्हणजे गिरणीत जायचं, आणि मंगळवारी आपण तिथे होतो हे बायकोला कळू द्यायचं. दिवसभर तो पेटीवर हात ठेवून बसला.

संध्याकाळी बायको आली. चप्पल काढली, पिशवीतून निळा डबा काढून ओट्यावर ठेवला. धुतलेला, रिकामा. मग पिशवीत पुन्हा हात घातला आणि पितळी वजन काढून जेवणाच्या टेबलावर, त्याच्या थाळीच्या जागी, ठेवलं. टेबल हललं.

"भोंगाने दिलंय," ती म्हणाली. "दोन दिवस तिने ते दाराला टेकण म्हणून वापरलं. आज मी क्रमांक पाहिला. तिने निरोप सांगितलाय: साहेबांचं मीठ आणि साहेबांचं वजन, दोन्ही जास्त झालंय."

तपासनिसाने डब्याचं झाकण उघडून पाहिलं. "खाल्लं तिने?"

"वाटाणे धुऊन खाल्ले. म्हणाली, अन्न टाकवत नाही. पाव मात्र कावळ्यांना."

"किती दिवस चाललंय हे?"

प्रश्न विचारल्यावर त्यालाच तो कसा ऐकू आला, ते त्याला जाणवलं. बायकोलाही जाणवलं. ती खुर्ची ओढून बसली. त्याच्या समोर नाही, कडेला.

"चार वर्षं."

"चार वर्षं! चार वर्षं मी त्या बाईला डबा पुरवतोय?"

"हो."

"आणि तू तिचा खातेस. रोज."

"रोज. शनिवारी ती केक आणते."

"केक," तपासनीस म्हणाला. त्याने तिला केकचा तुकडा भरवायचा प्रयत्न केला होता, लग्नाच्या पाचव्या वाढदिवसाला. ती तीन दिवस बोलली नव्हती. "तिला असं काय येतं गं, जे मला येत नाही?"

बायकोने विचार केला. तिला घाईने उत्तर द्यायची सवय नव्हती. "तिला काही येत नाही," ती म्हणाली. "तिला माहीतच नाही."

"काय माहीत नाही?"

"काहीच. इस्पितळ, आजार, काही नाही. चार वर्षांपूर्वी एकदा मशीन बंद पडलं होतं आणि पुन्हा चालू व्हायला अकरा मिनिटं होती. तिने माझ्या डब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, अगं बाई, हे घरचं आहे की पथ्याचं? नवऱ्याला स्वयंपाक येत नाही वाटतं. आण इकडे. तिने तो ओढला, तिचा माझ्या मांडीवर आदळला. अकरा मिनिटं होती. मी खाल्लं."

"नुसतं तेवढ्यावर?"

"नुसतं तेवढ्यावर. ती बघत नव्हती रे. ती स्वतःच्या विहिणीच्या चुगल्या सांगत होती."

तपासनीस म्हणाला, "मी बघितलं नसतं तर तू मेली असतीस."

"हो," ती म्हणाली. आढेवेढे न घेता, लगेच. "मेले असते. हे मला रोज माहीत असतं. तू समोर बसलास की तेच सगळं समोर बसतं. म्हणून घास मोजावा लागतो."

"मग सांगायचं होतंस. मी डबा बंद केला असता."

"आणि सकाळी उठून काय केलं असतंस?"

टेबलावर दोन किलो पितळ चकाकत होतं. कधीतरी त्याने उठून ते पेटीत, त्याच्या खळग्यात बसवलं. त्या दिवशी ती जेवताना तो समोर बसला नाही. पेटी पुसत बसला, गरज नसताना.

शुक्रवारी सकाळी निघण्याआधी त्याने फॉर्म पुन्हा काढला. "नाही" पेन्सिलीचंच होतं. तसंच ठेवलं असतं तर ते सरळसरळ खोटंही नव्हतं. घरी खरोखरच नाही. फाइल चालू राहिली असती. दर सहा महिन्यांनी तो तिला घेऊन गेला असता, डॉक्टरीणबाई म्हणाल्या असत्या, तुम्ही होतात म्हणून ही जगली. त्याला हे वाक्य किती आवडायचं, ते त्याला त्या सकाळी पहिल्यांदाच कळलं, आणि चांगलं वाटलं नाही.

पण काट्याने जे दाखवलं ते सोडून दुसरं काही त्याने आयुष्यात कुठल्या फॉर्मवर लिहिलं नव्हतं. त्याने खोडरबराने "नाही" पुसलं आणि शाईने लिहिलं: "होय. मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, तिच्या कामाच्या ठिकाणी, स्वतः पाहिलं. घरी नाही."

डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा वाचलं. चष्मा वर करून आधी बायकोकडे आणि मग त्याच्याकडे पाहिलं. "स्वतः पाहिलं?"

"गाठोड्यांमागून."

"काय खात होती?"

"मासे. तळलेले." आणि त्याला राहवलं नाही. "पीठ जाड होतं. माझे जास्त कुरकुरीत होतात."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, पण ओठ दाबून धरले. मग रिपोर्ट पुढे ओढले. रक्त चांगलं होतं. हाडं चांगली नव्हती. ती ठिसूळ झाली होती आणि तशीच राहणार होती. गोळ्या आयुष्यभर, पडायचं नाही, जड उचलायचं नाही. "गेलेलं सगळं परत येत नाही," त्या म्हणाल्या. "त्यासाठी हाडांच्या डॉक्टरांकडे जात राहा. माझ्याकडे मात्र यायचं कारण दिसत नाही. घरचं राहिलंय, ते घरी बघा." त्यांनी यादीच्या वहीत काहीतरी खोडलं आणि दुसऱ्या रकान्यात लिहिलं. तीनाच्या दोन झाल्या, चाराच्या पाच. तपासनिसाने उलट्या बाजूनेही आकडे वाचले.

परतताना बायकोने त्याचा हात धरला, रस्ता ओलांडताना, आणि पलीकडे गेल्यावर सोडला नाही. ती आनंदात होती. तोही होता, पण मधूनच त्याच्या पोटात दुखायचं. पाचवी झाली ती भोंगामुळे, आणि त्या बाईला त्याचा पत्ताही नाही. निदान तिला माहीत असतं तर तिचे आभार मानून मोकळं होता आलं असतं.

शनिवारी सकाळी त्याने अंड्यांचं पाणी ठेवलं. बायको दाराशी केस बांधत उभी होती.

"तिला अंडी कशी आवडतात?" त्याने पाठमोरंच विचारलं.

"कुणाला?"

"कुणाला काय! डबा कोण खातं?"

बायकोने केसांची गाठ पुरी केली. "अर्धं मिनिट कमी," ती म्हणाली. "पिवळं जरा ओलं हवं म्हणते."

"मीठ?"

"वेगळं दे पुडीत. तुझ्यावर भरवसा नाही म्हणते."

"आणि सफरचंद?"

"फोडी नको. अख्खं दे. चावून खाण्यात मजा आहे म्हणते."

त्याने घड्याळ अर्धं मिनिट मागे घेतलं. वाटाणे भरले, पाव भरला, मिठाची पुडी केली. मग सफरचंद तिसऱ्या कप्प्यात ठेवलं आणि झाकण दाबलं. लागेना. आडवं करून पाहिलं, देठ खाली करून पाहिलं. सहा वर्षं आठ फोडी बरोबर मावणाऱ्या डब्यात अख्खं सफरचंद मावत नव्हतं.

"अख्खंच लागतं बाईसाहेबांना!" तो करवादला आणि झाकणावर कोपराने जोर दिला. सफरचंद निसटलं, ओट्यावरून घरंगळलं आणि टेबलाखाली गेलं. तपासनीस त्याच्यामागे गुडघ्यांवर.

तेव्हा बायको हसली. मंगळवारी गाठोड्यांमागून ऐकलं होतं तसं, मान मागे टाकून, खोकला येईपर्यंत.

टेबलाखाली सफरचंद हातात धरून तो ऐकत राहिला. हे हसूही भोंगाच्या नावावर आलं, हे त्याच्या ध्यानात आलंच. वाईट वाटलं. मग वरून घड्याळ वाजलं, अंडी काढायची वेळ झाली, आणि तो बाहेर आला.